बाहुलीचा पाय

आज बाहुल्यांविषयी बोलणार आहे. नाव ऐकून कुणी पोरांना रेडिओजवळ बसवलं असेल, तर त्यांना खुशाल खेळायला पाठवा. आजच्या बाहुल्या मोठ्या माणसांच्या आहेत.

आपल्याकडे हे नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ करतात, चित्रकथी सांगतात. रामायण-महाभारत गाऊन सांगायचं, सोबत वाद्यं. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. तरी आपण म्हणतो काय, तर "बाहुल्यांचा खेळ, पोरांसाठी".

आता जपानात जाऊ. ओसाका हे तिथलं व्यापारी शहर. तिथल्या बाहुलीनाट्याला बुनराकू म्हणतात. एका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य माणूस डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तिघे समोर उभे असतात, लपत नाहीत, आणि तरी थोड्या वेळानं ते दिसेनासे होतात. बाजूला एक गायक बसतो. म्हातारा, तरणी, लबाड, रडणारा, सगळ्यांचे आवाज तोच काढतो. त्याच्या शेजारी तीन तारांचं शामिसेन वाजतं. सगळी गोष्ट काव्यात आणि तालावर चालते. आपल्या कीर्तनकाराची आठवण येते.

मी मोबाइलवर एका नाटकाचं चित्रीकरण पाहिलं. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती थांबवून थांबवून वाचली. चिकामात्सु नावाच्या लेखकानं 1703 साली ते लिहिलं. ओसाकात तेव्हा नुकतंच एक जोडपं मेलं होतं, त्याच घटनेवर.

गोष्ट पैशाची आहे, म्हणूनच मला लागली. तोकुबेई हा सोया सॉसच्या दुकानातला नोकर, मालक त्याचा काका. काका लग्न ठरवतो आणि त्यापोटी पैसे सावत्र आईच्या हाती देतो. तोकुबेईचं मन ओहात्सु नावाच्या कलावंतिणीवर. तो लग्न नाकारतो, तेव्हा काका पैसे परत मागतो. कसेबसे ते आईकडून सोडवून आणतो, तर वाटेत मित्र भेटतो. "दोन-चार दिवसांसाठी दे." हा देतो. कागद होतो, त्यावर मित्राचा शिक्का. मुदत आली की मित्र चारचौघांत म्हणतो, "माझा शिक्का तर आधीच हरवला होता, तशी नोंदही मी केली आहे. हा कागद तूच बनवलास." वर मार, तो वेगळाच.

मी हे आमच्या प्रभागाच्या बैठकीत दाखवलं. मला वाटलं, बायका प्रेमाबद्दल बोलतील. पहिला आवाज मागच्या काकींचा आला, "माका सांग गो, पैशे देताना साक्षीदार कोण होतो?" मग कुणी शिक्क्यावर, कुणी काकावर. अर्धा तास भांडण चाललं. हप्त्यांची वही उघडायचीच राहिली.

माझी आई गप्प होती. तिची गोष्ट आमच्या घरात कुणी काढत नाही. बांगड्या मोडून तिनं एका नातेवाइकाला पैसे दिले होते. चिठ्ठी होती, खाली सही होती. नंतर तो म्हणाला, ही सही माझी नाहीच. पैसे गेले ते गेले, पण आईला लागलं ते दुसरंच. आपण खोट्या ठरलो, असं तिनं घेतलं. दोन वर्षं ती बाजारात गेली नाही.

नाटकातला एक प्रसंग सांगते. बुनराकूत बाईच्या बाहुलीला सहसा पाय नसतात. घोळ हलवून चालण्याचा भास करतात. पण इथे ओहात्सुला मुद्दाम पाय दिला आहे. ती पायरीवर बसलेली, तोकुबेई खाली पडवीखाली लपलेला. समोर तोच मित्र बढाया मारतोय. तिला उघड बोलता येत नाही. म्हणून ती पायानं विचारते, तुझा निश्चय झाला का? तो तिचं पाऊल धरून आपल्या गळ्यावरून फिरवतो. लाकडाचा एवढासा पाय, पण आमच्या खोलीत कुणी हललं नाही.

पुढे दोघं मरतात. ते मला पटत नाही, हे स्पष्ट सांगते. अशा नाटकांमुळे तशा घटना वाढतात म्हणून 1723 साली तिथल्या सरकारनं ती बंद केली होती. आमच्या बैठकीतही एक सून म्हणाली, "मरायचं कशाला? त्या मित्राला पंचांपुढे उभं करायचं." तिला सगळ्यांनी टाळ्या दिल्या.

घरी आल्यावर आईनं फक्त पायाचा प्रसंग परत लावायला सांगितला. पाहून झाल्यावर म्हणाली, "त्याच्या काकानं त्याला एकदा तरी विचारलं का गो, काय झालं म्हणून?" मी नाही म्हटलं. मग तिनं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, त्या चिठ्ठीची सगळी हकिगत मला सांगितली. ती चिठ्ठी तिनं अजून तांदळाच्या डब्यात ठेवलेली आहे.

येत्या महिन्यात आमचा गट पिंगुळीला जाणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपापल्या गटाच्या सचिवाकडे नाव द्या. आई येणार आहे.