शेक पुरा होईपर्यंत

(महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत एका ताईंनी विचारले होते, "एवढे संशोधन चालते, मग आपल्या पाड्यांवरच्या बाया स्तनाच्या कर्करोगाने अजून का दगावतात?" उत्तर द्यायचे तर थोडे विज्ञान सांगावे लागेल. सांभाळून घ्या.

1980 च्या सुमारास जर्मनीत क्रिस्तिआने न्युसलाईन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस हे दोघे फळमाशीच्या अळ्या तपासत होते. एक जनुक बिघडले की अळीचे अंग काट्यांनी भरून जाई, म्हणून त्या जनुकाचे नाव एका काटेरी प्राण्यावरून 'हेजहॉग' पडले. 1982 मध्ये अमेरिकेत रोएल नुसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांना उंदराच्या स्तनातील गाठींत एक जनुक सापडले. पाच वर्षांनी उलगडा झाला की माशीला पंख फुटायला लागणारे जनुकही तेच! माशीच्या अळ्या न्याहाळणाऱ्या या माणसांना आपल्यापैकी कोणी तेव्हा देणगी दिली असती का, असे मला कधी कधी वाटते.

अशा जनुकांपासून बनणारी प्रथिने म्हणजे पेशींमधले निरोप्ये. आईच्या पोटात बाळाचा हात कुठे आणि बोटे किती, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. बाळ घडले की त्यांचे बरेचसे काम आटोपते. काही गाठींत मात्र तेच निरोप अवेळी सुरू होतात आणि पेशी वाढतच राहतात.

आता रेडिएशन. आपल्याकडे बाया त्याला 'शेक' म्हणतात, कोणी 'लाईट' म्हणतात. गाठ काढल्यावर नजरेला न दिसणाऱ्या काही पेशी मागे राहू शकतात. किरणांनी त्यांच्या आतला डीएनए तुटतो. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करतात, रोगी पेशींना ते तितके जमत नाही. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात. पण प्रयोगशाळेत असे दिसले की स्तनाच्या कर्करोगातल्या काही चिवट पेशी शेकालाही दाद देत नाहीत, आणि त्यांच्या चिवटपणामागे हेच बाळपणीचे निरोप असावेत. ते थांबवणारी औषधे शोधली जात आहेत. हेजहॉगचा निरोप अडवणाऱ्या एका औषधाला 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती त्वचेच्या एका कर्करोगासाठी. स्तनासाठी वाट बिकट आहे, कारण असेच निरोप आतड्याच्या अस्तरालाही रोज लागतात. रोगाचे तोंड बंद करताना शरीराचेही बंद होते.

म्हणजे आज हाती आहे तो शेकच, आणि तो पुरा झाला पाहिजे.

इथेच आपली बाई अडते. मोखाड्याकडच्या एका वारली बाईचे ऑपरेशन जूनमध्ये झाले. डॉक्टरांनी पाच आठवडे शेक सांगितला, शनिवार-रविवार सोडून 25 वेळा. ती म्हणाली, "बाई, लावणी कोण करील?" मोखाड्याहून जीपने कसारा, तिथून लोकलने दादर, हे रोज होणार नाही. मुंबईत राहावेच लागते. सरकारी योजनेत उपचार फुकट होतो, पण तिची आणि सोबत आलेल्या नवऱ्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? नवव्या शेकानंतर ती गावी निघून गेली. शिवाय शेजारणीने सांगितले होते की शेक घेतलेल्या बाईने लेकराला जवळ घेऊ नये. हे साफ खोटे आहे. मशीनमधून बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. कातडी काळवंडते, थकवा येतो, पण लेकराला खुशाल कुशीत घ्यावे.

दिवस कमी करण्याचे कामही संशोधकांनी केले आहे, आणि मला ते हेजहॉगइतकेच मोठे वाटते. ब्रिटनमध्ये आधी 25 ऐवजी 15 वेळा शेक देऊन पाहिला, तो तितकाच लागू पडला. पुढे 4,096 रुग्णांच्या अभ्यासात एका आठवड्यात फक्त 5 वेळा दिला. पाच वर्षांनंतरही रोग त्या जागी परतण्याचे प्रमाण वाढलेले नव्हते. हे 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येकीला ते चालेल असे नाही, ते डॉक्टरच ठरवतील. पण "कमी दिवसांत होईल का?" हे विचारायला पैसे लागत नाहीत, आणि आपली बाई ते विचारायला घाबरते. म्हणून आता आमच्यापैकी एक जण पहिल्या भेटीला सोबत जाते.

शुभवर्तमानातल्या त्या चौघांनी पक्षाघाती मित्राला छप्पर उकलून खाली सोडले. बरे करणे त्यांच्या हातात नव्हते, उचलून नेणे होते.

त्या मोखाड्याच्या बाईला आम्ही लावणीनंतर परत आणले. मध्ये खंड पडल्यामुळे डॉक्टरांना हिशेब नव्याने मांडावा लागला. शेक पुरा झाला आहे, तपासण्या चालू आहेत. तिच्यासाठी प्रार्थना करा.

दिवाळीनंतर आणखी दोघी येणार आहेत. दादरच्या धर्मशाळेत जागा मिळेलच असे नाही. परळ-दादरजवळ मंडळीच्या आवारात कोणाची खोली रिकामी असेल तर सभेनंतर मला भेटा. तळमजला असावा, संडास जवळ असावा, आणि भात शिजवायला शेगडी असावी. बाहेरचे जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नाही.