ड्रॅक्युलाचे अवतार आणि आपला वेताळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला नाही, टोपणनाव दिलं. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे कंसात ‘ड्रॅक्युला’ असं छापलंय. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागलो तेव्हापासून तुम्ही मला याच नावानं हाक मारता. त्यालाही आता २८ वर्षं झाली. म्हटलं, आज या माणसाची रीतसर ओळखच करून द्यावी.

मूळ कादंबरी १८९७ सालची. लेखक ब्रॅम स्टोकर, डब्लिनचा आयरिश माणूस. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा तो व्यवस्थापक होता, म्हणजे आपल्या भाषेत नाटक कंपनीचा मॅनेजर. झाडीपट्टीच्या लोकांना हे नातं लगेच कळेल. कादंबरी सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांतून उलगडते. आपण सिनेमात पाहिलेला ड्रॅक्युला मात्र त्यात फारसा सापडत नाही. पुस्तकातला ड्रॅक्युला पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे, आणि रक्त पिऊन तो तरुण होत जातो. तो दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यावर फिरतो. त्याचा शेवट उन्हानं होत नाही, सुऱ्यांनी होतो. त्यातली एक सुरी चालवणाऱ्या नायकाजवळ तर गुरख्यांची खुकरी असते.

मग ऊन लागताच तो मरतो, हे आलं कुठून? १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटातून. मुर्नाव या दिग्दर्शकानं परवानगी न घेता नावं बदलून तो काढला. स्टोकरच्या विधवा पत्नीनं दावा लावला, आणि १९२५ मध्ये न्यायालयानं सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तरी काही प्रती वाचल्या. त्यामुळे चोरून केलेल्या सिनेमातली कल्पना आज सगळं जग मूळची समजतं.

उंच कॉलरचा तो काळा झगा नाटकातून आला. १९२४ मध्ये हॅमिल्टन डीननं इंग्लंडात ड्रॅक्युलाचं नाटक रंगवलं. पाठ फिरवली की कॉलरमागे नटाचं डोकं झाकलं जाई, आणि तो रंगमंचावरच्या चोरदारातून गुपचूप खाली उतरे. लोकांना वाटे, ड्रॅक्युला हवेत विरला! पडदे आणि चोरवाटांची करामत रात्र-रात्र जागून पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. पुढे अमेरिकेत हे नाटक बेला लुगोसीनं गाजवलं आणि १९३१ च्या बोलपटातही तोच उभा राहिला. गंमत म्हणजे त्या सिनेमात ड्रॅक्युलाचे सुळे दिसतच नाहीत. सुळे आणि लालभडक रंगीत रक्त घरोघरी पोचवलं ते १९५८ च्या ब्रिटिश सिनेमानं, ख्रिस्तोफर लीनं.

तिथून तो आपल्या बाजूला आला. १९६७ मध्ये लाहोरला ‘जिंदा लाश’ निघाला. त्यात तो सरदार नाही, प्रोफेसर आहे. अमर होण्याचं औषध शोधतो, स्वतःच पितो आणि पिशाच होतो. गाणीही आहेत, नाच आहे. १९९० मध्ये रामसे बंधूंचा ‘बंद दरवाजा’ आला. त्यातला काली पहाडीवरचा नेवला आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मंडईच्या रात्री भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला असेल. दिवाळीनंतरची थंडी, एकीकडे दंडार, एकीकडे नाटक, आणि शेवटी घरी जाताना बंधीच्या धुऱ्यावरून कोणी मागे चालायला तयार नाही!

मराठी वाचकाला हा प्रकार दिला नारायण धारपांनी. स्टीफन किंगनं १९७५ मध्ये ‘सालेम्स लॉट’ लिहिली, ती ‘ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर?’ या विचारातून. तिच्यावर धारपांनी ‘लुचाई’ बेतली. म्हणजे आयर्लंडच्या माणसाची गोष्ट अमेरिकेमार्गे मराठी गावात पोचली. मला वाटतं, गोष्ट टिकते ती अशीच. जिथे जाईल तिथली भीती ती अंगावर घेते.

आता आपल्या वेताळाकडे येतो. १८७० मध्ये रिचर्ड बर्टननं वेताळाच्या निवडक गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि नाव दिलं ‘विक्रम आणि व्हॅम्पायर’. हा बर्टन आणि स्टोकर पुढे एकमेकांना भेटले. बर्टनच्या सुळ्याची आठवण स्टोकरनं लिहून ठेवली आहे. तेवढ्यावरून ड्रॅक्युला वेताळावरून घेतला असं म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. कारण दोघांचा स्वभावच वेगळा. आपला वेताळ रक्त पीत नाही, प्रश्न विचारतो. ‘चांदोबा’त चित्रकार शंकर यांनी काढलेला, प्रेत खांद्यावर टाकून हातात तलवार घेऊन निघालेला विक्रम आठवा. मुळात गोष्टी पंचवीस, पण ‘चांदोबा’नं त्याच चौकटीत वर्षानुवर्षं नव्या बसवल्या. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ आलं तेव्हा आपण चौथीत होतो. शेवटी हा वेताळच राजाला कपटी साधूपासून सावध करतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, ही त्याची अट.

ही अट मला नोकरीत फार उपयोगी पडली. ती कशी, ते सांगतो आणि मग थांबतो.

ड्रॅक्युला कादंबरीत लूसी नावाची मुलगी पांढरी पडत जाते. तिला वाचवायला चार पुरुष एकामागून एक आपलं रक्त देतात. १८९७ मध्ये रक्तगट कोणालाच ठाऊक नव्हते. लँडस्टायनरनं ते १९०१ मध्ये मांडले. चार अनोळखी गटांचं रक्त मिळाल्यावर ड्रॅक्युला नसता तरी ती बाई वाचणं कठीण होतं, असं मी आमच्या शिकाऊ मुलांना सांगतो.

कादंबरीच्या पाचच वर्षं आधी, १८९२ मध्ये, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मर्सी ब्राऊन नावाची मुलगी क्षयानं गेली. आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ आजारी होता. गावानं ठरवलं, मेलेल्यांपैकीच कोणीतरी घराचं रक्त पितंय. मर्सीचं प्रेत उकरलं, काळीज जाळलं आणि ती राख भावाला औषध म्हणून पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. कॉखनं क्षयाचा जंतू शोधून तेव्हा दहा वर्षं झाली होती.

हे फार लांबचं वाटतं का? काही वर्षांपूर्वी जंगलाकडच्या एका गावातून एक बाप मुलाला घेऊन आला. मुलाचे डोळे पिवळे, सांधे दुखून रात्रभर रडणं. आधीची एक मुलगी अशीच गेलेली. बाप हळूच म्हणाला, “साहेब, गावातले म्हणतात का घराले कोणाचं तरी लागलं आहे.” ते ‘कोणाचं तरी’ म्हणजे त्याच घरातली विधवा काकू. तिच्याशी लोक बोलेनासे झाले होते. तपासणीत मुलाला सिकलसेल निघाला. आई-बाप दोघेही वाहक. दोघांना कधी काही त्रास नाही, म्हणून कधी तपासणी नाही. आम्ही कागदावर विळ्याच्या आकाराच्या पेशी काढून दाखवल्या. पुढच्या खेपेला मुलासोबत ती काकूही आली होती, आणि त्याला रक्त चढत असताना उशाशी तीच बसली होती.

मित्रांनो, हा आजार आपल्या गोंदियाचा, भंडाऱ्याचा, गडचिरोलीचा, चंद्रपूरचा, सगळ्या पूर्व विदर्भाचा आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. देशपातळीवर २०२३ मध्ये यासाठी अभियान सुरू झालं, २०४७ चं उद्दिष्टही ठरलं. पण पहिली तपासणी होते ती बोटाच्या एका थेंबावर. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं आता लग्नाला आली आहेत. पत्रिका जुळवायच्या तर जुळवा, पण त्याआधी दोघांची ही तपासणी करा. वाहक निघणं म्हणजे दोष नव्हे. लग्न मोडायलाच हवं असंही नाही. डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवता येतं.

आणि दुसरी गोष्ट. एका वेळी साधारण ३५० मिली रक्त घेतात, आणि पुरुष तीन महिन्यांनी पुन्हा देऊ शकतात. उन्हाळ्यात, लग्नसराईत, रक्तपेढीचं कपाट रिकामं होतं. सिकलसेलच्या मुलांचं दुखणं मात्र सुट्टीवर जात नाही. आज दुपारी जेवणानंतर शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत शिबिर आहे. गुरुजी, तुमचं वय ६५ च्या वर गेलंय, तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा. तुम्ही समोर असलात की मागच्या बाकावरची ही मंडळी पळून जाणार नाहीत.