बायबलातील संख्या आणि भविष्यकथन

२२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस अमेरिकेच्या ईशान्य भागातील हजारो भाविकांनी डोळे आकाशाकडे लावून घालविला. त्या दिवशी प्रभू येशू पृथ्वीवर पुन्हा येणार, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. काहींनी तयार पिके शेतातच राहू दिली होती. काहींनी दुकाने बंद करून देणी फेडून टाकली होती. दिवस गेला, मध्यरात्र उलटली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच सूर्य उगवला. पहाट होईपर्यंत सारे रडत राहिले, असे त्यांच्यापैकीच एकाने पुढे लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या इतिहासात हा प्रसंग ‘महानिराशा’ या नावाने ओळखला जातो.

ही तारीख आली कोठून? विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील एक शेतकरी. वृत्तीने सरळ, वाचनाने चिकाटीचा. संदेष्टा दानीएल याच्या ग्रंथातील आठव्या अध्यायात मंदिराची शुद्धी होण्यापूर्वी २३०० संध्याकाळ-सकाळ लोटतील, असे वचन आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले. मंदिराची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन असे मानले. आणि मोजणीचा आरंभ इ.स.पूर्व ४५७ पासून केला. उत्तर आले १८४३. पुढे ध्यानात आले की, इ.स.पूर्व १ नंतर एकदम इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाहीच. तेव्हा उत्तर १८४४ झाले. नेमका दिवस त्याच्या एका अनुयायाने ज्यू लोकांच्या प्रायश्चित्तदिनावरून ठरविला. बेरीज-वजाबाकीत खोट नव्हती. परंतु ज्या गृहीतांवर ती उभी होती, ती दानीएलच्या पानावर कोठेही लिहिलेली नव्हती.

त्या पानाला स्वतःचा काळ आहे. इ.स.पूर्व १६७ मध्ये अंतियोख एपिफानीस या राजाने यरुशलेमच्या मंदिरातील नित्याची अर्पणे बंद पाडली आणि मंदिर भ्रष्ट केले. तेथे रोज सकाळी एक व संध्याकाळी एक असे अर्पण होत असे. त्या हिशेबाने २३०० अर्पणे म्हणजे ११५० दिवस, तीन वर्षांहून थोडे अधिक, असा अर्थ पुष्कळ अभ्यासक लावतात. इ.स.पूर्व १६४ मध्ये मंदिर पुन्हा शुद्ध करण्यात आले. छळ सोसणाऱ्या त्या लोकांना ही संख्या एवढेच सांगत होती की, तुमचे दिवस देवाने मोजलेले आहेत. ज्याची मोजदाद आहे, त्याला शेवटही आहे.

मग बायबलातील संख्यांना काहीच गूढार्थ नाही काय? अर्थ अवश्य आहे. मात्र तो त्या भाषेच्या रीतीतून पाहावा लागतो. आपल्याकडील जुन्या शिलालेखांत व ग्रंथांत चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४ असे शब्दांनी आकडे सांगण्याची पद्धत होती. हिब्रू भाषेत तर अक्षरे हेच आकडे. ‘दावीद’ हे नाव हिब्रूत तीन अक्षरांचे आहे; त्यांचे मोल ४, ६ आणि ४, म्हणजे एकूण १४. संत मत्तय येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन भागांत मांडतो आणि त्यासाठी मधले तीन राजे चक्क वगळतो. येशू हा दावीदाचा वंशज, हे ज्यू वाचकांच्या मनावर ठसविण्याची ती रीत होती, असे अनेक भाष्यकार मानतात.

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील ६६६ ही संख्याही याच जातीची. इ.स. ५४ ते ६८ या काळात रोमवर राज्य करणाऱ्या नीरोने ख्रिस्ती लोकांचा छळ केला. ‘नेरोन केसर’ हे त्याचे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले, तर बेरीज बरोबर ६६६ भरते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ असा पाठ आहे. ‘नेरोन’मधील शेवटचा ‘न’ गाळला की ५० उणे होतात आणि तीही संख्या जुळते. तथापि दुसऱ्या शतकातच संत इरेनियसने या आकड्यावरून नावे शोधण्याच्या घाईविषयी सावध केले होते. त्याचे ऐकले कोणी? प्रॉटेस्टंट लेखकांनी पोपच्या पदवीतून ६६६ काढला. कॅथलिक पंडिताने तोच लूथरच्या नावातून काढला. पुढे नेपोलियनची पाळी आली. प्रत्येकाला आपापला शत्रूच सापडावा, यावरूनच या शोधाची किंमत कळते.

त्या दिवसाची व घटकेची वार्ता पित्यावाचून कोणालाही नाही, असे येशूने स्वतः सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मिलरने १८४५ मध्ये आपली तारीख चुकल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि १८४९ मध्ये तो निवर्तला. अशी कबुली देणे सोपे नसते. परंतु ज्यांची पिके शेतात राहिली होती, त्यांचा हिवाळा त्या कबुलीने टळला नव्हता.

त्याच शुभवर्तमानात आणखी एक संख्या येते. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा? असे पेत्र विचारतो. येशू उत्तर देतो, सत्तर गुणिले सात वेळा. उत्पत्तीच्या ग्रंथात लामेख नावाचा पुरुष सत्त्याहत्तर पट सूड घेण्याची बढाई मारतो. येशूच्या उत्तरात त्या बढाईचा प्रतिध्वनी आहे. सुडाचा आकडा येथे क्षमेचा झाला आहे. मराठी माणूस ‘शंभरदा सांगितले’ म्हणतो, तेव्हा ऐकणारा बोटे मोजीत बसत नाही. पेत्रानेही ४९० क्षमांची वही घातली नसेल. या संख्येतून उद्याची तारीख निघत नाही; आज दाराशी आलेल्या भावाशी कसे वागावे, हे मात्र निघते, आणि ते समजण्यास गणिताची गरज पडत नाही.