यंत्राची कोरणी

महाराष्ट्रांत तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांव घालण्याची चाल जुनी आहे. लग्नांत आलेल्या घागरीवर देणाऱ्याचें नांव, गांव आणि तारीख ठिपक्याठिपक्यांनीं उमटविणारा कारागीर आपल्या हत्याराविषयीं फारसें बोलत नाहीं. त्याला तशी गरजच पडत नाहीं. धातु कठीण लागला तर त्याचा हात आपोआप जोर वाढवितो, टोंक बोथटलें तर तें त्याच्या कानाला आवाजावरून कळतें, आणि अक्षराचें वळण चुकूं लागलें तर मनगट तें सांवरून घेतें. हत्याराचे पुष्कळसे दोष हात पोटांत घालतो. यंत्राजवळ हें औदार्य नाहीं. त्याच्या तोंडीं जें टोंक दिलें असेल त्याचे गुण आणि अवगुण तें जसेच्या तसे धातूवर उतरवून ठेवतें.

यांत्रिक कोरीवकामाचें जुनें आणि अजूनहि चालू असलेलें साधन म्हणजे पँटोग्राफ. एका बाजूला अक्षराचा मोठा नमुना असतो. त्याच्या खांचेंतून कारागीर एक बोथट सुई फिरवितो. सांध्यांनीं जोडलेल्या दांड्यांची चौकट ती हालचाल लहान करून दुसऱ्या बाजूस पोंचविते, आणि तेथें वेगानें फिरणारा बारीक कटर धातूंत तेंच अक्षर कोरीत जातो. नमुना कामाच्या पांचपट असेल तर हाताची अर्ध्या मिलिमीटरची चूक धातूवर ०.१ मिलिमीटर इतकीच उरते. परंतु लहान होते ती केवळ सुई फिरविण्याची चूक. कटरचें टोंक जेवढें जाड तेवढीच जाड रेघ पडते, आणि स्पिंडलमध्यें तें डगमगलें तर ती डगमगहि पुरीच्या पुरी कामावर येते. अलीकडे नमुन्याची जागा संगणकानें घेतली आहे, पण टोंक आणि धातु यांचें नातें त्यानें बदललेलें नाहीं. महाग यंत्र घेऊन कटरच्या बाबतींत काटकसर करणारा मनुष्य म्हणूनच चुकीच्या जागीं पैसा वांचवीत असतो.

हें नातें किती नाजुक आहे तें छपाईच्या अक्षरांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसरीकडे क्वचितच दिसतें. एकोणिसाव्या शतकांत टाइपाचा मूळ पोलादी ठसा, म्हणजे पंच, हातानेंच कोरला जाई. मुंबईंत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराचा टाइप नांवारूपास आला तो राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अशाच ठशांमुळें. १८८५ सालीं अमेरिकेंत लिन बॉइड बेंटन यानें पँटोग्राफच्या तत्त्वावर पंच कोरणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. खिळे जुळविणाऱ्या नव्या यंत्रांना जे असंख्य ठसे लागत ते हातानें कोरून पुरे पडणें शक्य नव्हतें. ती अडचण बेंटनच्या पद्धतीनें दूर केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत देवनागरीहि याच मार्गानें यंत्रजुळणींत आली.

देवनागरी अक्षर कोरणाऱ्याला टोंकाची निवड रोमन अक्षर कोरणाऱ्याहून अधिक जपून करावी लागते. ष, क्ष, छ यांच्या पोटांत लहान लहान मोकळ्या जागा असतात आणि त्या बुजल्या कीं अक्षर वाचतां येत नाहीं. समजा, पितळेच्या पाटीवर २ मिलिमीटर रुंदीचा ष कोरावयाचा आहे. त्याच्या दोन उभ्या रेघा आणि मधली तिरपी रेघ अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरची घेतली तर दीड मिलिमीटर रेघांनींच व्यापला. उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरांत दोन फटी बसवावयाच्या. तेंच टोंक बदलून रेघ ०.२५ वर आणली तर सव्वा मिलिमीटर जागा मोकळी राहते आणि अक्षर श्वास घेऊं लागतें. शिवाय फिरणाऱ्या कटरला आंतला कोपरा कधींच नेमका कापतां येत नाहीं. टोंकाच्या अर्ध्या जाडीइतकी गोलाई तेथें राहतेच. उठावदार ठसा कोरतांना म्हणूनच आधीं जाड कटरनें भोंवतालचा धातु काढतात आणि मग क्रमानें बारीक कटर लावून अक्षराची कड साधतात. सुरुवातीलाच बारीक कटर लावला तर तो मोडतो, आणि शेवटपर्यंत जाडच ठेवला तर अक्षराचे कोपरे भरलेलेच राहतात.

कोरीवकामाचा नेहमींचा कटर दिसावयास अगदीं साधा असतो. पोलादाची एक गोल काडी, तिचें टोंक शंकूसारखें निमुळतें केलेलें, आणि तो शंकु उभा अर्धा घांसून टाकलेला. उरलेल्या अर्ध्याच्या सपाट तोंडाची एक कड कापते. हें तोंड काडीच्या नेमक्या मध्यावर यावें लागतें. अर्ध्याहून अधिक धातु राहिला तर कड कापण्याऐवजीं घांसूं लागते. कडेमागची पाठहि उतरती ठेवतात, नाहीं तर ती धातूला टेकून तापते. मऊ धातूसाठीं हा उतार अधिक आणि कठीण धातूसाठीं कमी, कारण उतार वाढला कीं कडेचा आधार घटतो. टोंक सुईसारखें अणकुचीदार ठेवण्याचा मोह नवशिक्याला होतो. तशी अणी पहिल्याच स्पर्शाला मोडते, आणि मोडून तिची जाडी किती झाली हें कारागिराच्या हातीं राहत नाहीं. त्यापेक्षां ती आधींच घांसून ०.१, ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर अशी ठरीव सपाटी केलेली बरी.

आतां कोनाचा प्रश्न. शंकूचा कोन ६० अंश, टोंकाची सपाटी ०.२ मिलिमीटर आणि खोली ०.१ मिलिमीटर असेल तर पृष्ठभागावर रेघ सुमारें ०.३२ मिलिमीटर रुंद पडते. पत्रा कोठें ०.०५ मिलिमीटर उंच असला (एवढा उंचवटा डोळ्याला दिसतहि नाहीं) तर तेथें खोली दीडपट होऊन रेघ ०.३७ वर जाते. कोन ९० अंशांचा असेल तर तीच रेघ ०.४ वरून ०.५ होते, आणि हा फरक मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्याला खुपतो. ३० अंशांच्या कटरनें फरक ०.०३ च्या आंतच राहतो. मग अरुंद कोनच सर्वत्र कां वापरूं नये? कारण अरुंद कोनाचें टोंक दुबळें असतें. पितळेच्या पाटीवर खोल अक्षर कोरून त्यांत रंग भरावयाचा असेल तेथें तें उत्तम, कारण खांचेच्या उभ्या भिंती रंग धरून ठेवतात. पोलादावर तें टिकत नाहीं; तेथें रुंद कोनच घ्यावा, आणि पत्रा सपाट करण्याचे कष्ट आधीं घ्यावे. पितळेच्या सर्वसाधारण कामाला ६० अंशांचा मध्यम कोन बहुधा पुरतो.

कटर कशाचा असावा याचें उत्तर दोन शोधांनीं सोपें केलें. साधें कार्बन पोलाद तापलें कीं मऊ पडतें. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत टेलर आणि व्हाइट यांचें हायस्पीड पोलाद लोकांनीं पाहिलें. तें लाल होईपर्यंत तापलें तरी कापीत राहतें. पुढें जर्मनींत क्रुप कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत टंगस्टन कार्बाइडचीं हत्यारें ‘विडिया’ या नांवानें बाजारांत आणलीं. ‘हिऱ्यासारखें’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून तें नांव घडविलेलें आहे, आणि भारतांतील कारखान्यांत कारागीर कार्बाइडला अजूनहि विडियाच म्हणतात. विडिया अधिक कठीण, पण ठिसूळ. ज्याचें यंत्र जुनें, ज्याच्या स्पिंडलचीं बेअरिंगें सैल, त्यानें त्याच्या मागें लागूं नये. हायस्पीडचा कटर जेथें नुसता बोथट होतो तेथें विडियाचा तुकडा उडतो. हायस्पीडला साध्या चाकावर धार लावतां येते, विडियाला हिऱ्याचें चाक लागतें, हेंहि लहान कारखानदारानें हिशेबांत धरावें.

वेगाविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. बारीक हत्यार नाजुक, म्हणून तें हळू फिरवावें, असें पुष्कळांना वाटतें. १० मिलिमीटरचें ड्रिल मिनिटाला ५०० फेरे घेतें तेव्हां त्याची कड मिनिटाला सुमारें १६ मीटर धांवते. ०.५ मिलिमीटरच्या टोंकाला तेवढेंच धांवावयाचें तर मिनिटाला १०,००० फेरे हवेत. फेरे कमी ठेवून काम पूर्वीच्याच झपाट्यानें पुढें सरकविलें तर प्रत्येक फेऱ्याला टोंकावर अधिक धातु येतो, आणि नाजुकपणाच्या काळजीनेंच नाजुक टोंक मोडतें.

कापला जाणारा धातुहि आपला स्वभाव सांगतो. कोरीवकामाची पितळ बहुधा कोरडीच कापतात. तिचा कीस सुटा पडतो. अल्युमिनिअम कटरला चिकटतें, म्हणून त्यावर रॉकेलचा थेंब सोडतात आणि कड अतिशय तीक्ष्ण ठेवतात. पोलादाला कापण्याचें तेल हवें. दोन रंगांच्या थरांचे प्लॅस्टिकचे पत्रे हाताला मऊ लागतात, पण ते धार लवकर खातात. तेथें विडिया किमतीला उतरतो. घड्याळाच्या पाठीवर किंवा चांदीच्या पेल्यावर नांव घालावयाचें असेल तर न फिरणारें हिऱ्याचें टोंक नुसतें ओढतात. तें धातु कापून काढण्यापेक्षां दाबून बाजूस सारतें; रेघ सुबक पण उथळ पडते, आणि तींत रंग ठरत नाहीं. उन्हापावसांत राहणाऱ्या पाटीसाठीं तें घेऊं नये.

धार गेल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: कीस जाऊन भुकटी पडूं लागते, आवाज चिरका होतो, खांचेच्या तळाची चमक जाते, आणि कडेला खरखरीत ‘बर’ उभी राहते. अशा वेळीं अक्षर अर्धें असलें तरी यंत्र थांबवावें. नमुना आणि पत्रा जागचे हलले नसतील तर टोंक पुन्हां त्याच खांचेंत उतरतें. मात्र घांसून कटर आंखूड झालेला असतो, त्यामुळें खोली नव्यानें लावून त्याच धातूच्या तुकड्यावर एक रेघ काढून पाहावी लागते, आणि टोंकाची सपाटी पूर्वीइतकीच आहे ना हें भिंगांतून मोजावें लागतें. तेवढा वेळ न दिल्यास एकाच नांवांतलीं पहिलीं तीन अक्षरें एका जाडीचीं आणि उरलेलीं दुसऱ्या जाडीचीं निघतात.