गावी घर बांधण्याआधी

(स्नेहसंमेलनात वाशी येथे केलेलं भाषण)



मला 'निवृत्तीनंतर गावाकडचं जीवन' असा विषय दिला होता. आंबे, फणस, समुद्र यांबद्दल मी बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असणार. पण सकाळपासून चहाच्या टेबलावर मला निदान सहा जणांनी सांगितलं की गावी घर बांधायला घेतलंय, पाया झालाय, स्लॅब व्हायचाय. एकानेही दवाखान्याचं नाव काढलं नाही. सात वर्षांपूर्वी मीही काढलं नव्हतं. म्हणून आंबे-फणस राहू देत, मी त्याबद्दलच बोलते.

आधी थोडं आपल्या वाशीबद्दल. आज इथे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर किती तरी मोठी हॉस्पिटलं आहेत. पण आपले आईवडील इथे आले तेव्हा वाशी म्हणजे काय होती? सिडको स्थापन झाली १९७० साली, खाडीपूल झाला १९७३ मध्ये, आणि रेल्वे आली थेट १९९२ साली. मधली वीस वर्षं वाशी हे पुलाच्या पलीकडचं गावच होतं. मला १९७७ ची एक रात्र आठवते. माझ्या धाकट्या भावाला तापात झटके आले. मोठं हॉस्पिटल म्हणजे सायन, म्हणजे पूल ओलांडणं आलं. बाबांनी टॅक्सी मिळवली, पण आधी ती आपल्या सेक्टरातल्या डॉक्टरांच्या दारात नेली. त्यांनी लुंगीवरच बाहेर येऊन इंजेक्शन दिलं, झटके थांबवले, चिठ्ठी लिहिली आणि मग म्हणाले, आता जा सायनला. ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगून झाली असेल. तरी ऐन वेळी मला ती आठवली नाही.

आम्ही दोघं सात वर्षांपूर्वी सिंधुदुर्गात सासरच्या गावी राहायला गेलो. आपल्यापैकी बरेच जण कोकणातले, त्यामुळे गाव रिकामं होणं म्हणजे काय ते सांगायला नको. तरी आकडा ऐका. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. देश वाढत होता आणि आपले जिल्हे आटत होते. रत्नागिरीचंही तेच. आता यात एक गोम आहे. सरकारी नियमाप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार वस्तीमागे एक. उपकेंद्र अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजारांमागे. म्हणजे मुख्य हिशोब माणसांचा. वाड्या विखुरलेल्या आणि घरं बंद, की तेवढी माणसं भरायला किती डोंगर लागतात ते तुम्हीच बघा. खासगी डॉक्टरचंही गणित तेच असतं, त्यालाही पेशंट लागतात.

आम्ही तयारी केली नव्हती असं नाही. यजमानांना रक्तदाब आणि साखर, त्यामुळे मी फाईल केली होती. वाशीच्या हृदयरोगतज्ज्ञांचा नंबर, कोल्हापूरच्या दोन मोठ्या हॉस्पिटलांचे नंबर, विम्याचं कार्ड. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, देवघराशेजारी टांगलेलं. मला त्या पिशवीचा अभिमानच होता.

दुसऱ्या वर्षीच्या जुलैत रात्री दोन वाजता ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम, उलटी. वीज नव्हती. मोबाईलला रेंज यायला आमच्याकडे काजूच्या झाडाखाली जावं लागतं. शेजारच्या मुलाने गाडी काढली. तालुक्याचं सरकारी रुग्णालय वाटेतच होतं, बाहेरचा दिवा चालू होता. तो मुलगा गाडी हळू करत म्हणाला, "वैनी, आदी हयसर दाखवया." मी म्हटलं, नको, इथे काय असणार, सरळ कोल्हापूर. घाटात दरड पडलेली, म्हणून दुसऱ्या घाटाने वळसा. कोल्हापूरला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वाटेत ईसीजी कुठेच काढला नाही?" अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. पण हृदयाचा बराच स्नायू त्या चार तासांत गेला होता. आज ते जिना चढताना मध्ये थांबतात. नंतर मला कळलं की हृदयातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. अँजिओप्लास्टीची सोय लांब असेल तिथे ते आधी देतात आणि मग पेशंट पुढे पाठवतात. जितकं लवकर, तितका उपयोग. सगळ्यांनाच ते देता येत नाही, ते डॉक्टर ठरवतात. आणि जे रुग्णालय मी मागे टाकलं, तिथे त्या रात्री डॉक्टर होते, ईसीजीचं मशीन होतं आणि ते इंजेक्शनही होतं. दुसऱ्या कुणाला दोष देण्याची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्यानंतर मी जे केलं ते घर बांधण्याआधी करायला हवं होतं. पायात चपला घातल्या आणि फिरले. उपकेंद्रातल्या सिस्टरना भेटले, आशाताईंना भेटले, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटले. तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन सरळ विचारलं, की रात्री इथे कोण असतं, ईसीजी निघतो का, ते इंजेक्शन आज शिल्लक आहे का, सर्पदंशाची लस आहे का. लोक चिडत नाहीत हो, उलट कुणी विचारायला आलं याचंच त्यांना नवल वाटतं. ओरोसला जिल्हा रुग्णालयात काय होतं आणि काय नाही, गोव्याला बांबोळीला कधी न्यायचं, कोल्हापूरला कधी, हे सगळं आता माझ्या पिशवीत एका कागदावर आहे. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आमच्या लोकांचा जुना आधार, पण २०१८ पासून गोव्याबाहेरच्यांना तिथे शुल्क पडतं, तेही कागदावर आहे.

आणि वाडीजवळच्या बाजारातले एक बीएएमएस डॉक्टर. मुंबईहून आल्यावर मी त्यांच्याकडे जरा नाक मुरडूनच बघत होते, हे कबूल करते. पण त्यांना कुठला पेशंट आपल्याकडे ठेवायचा नाही हे नेमकं कळतं, आणि पुढच्या डॉक्टरांना ते स्वतः फोन करतात. तेवढं मला पुरे आहे. शिवाय त्यांना इथले ताप माहीत आहेत. दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडताप आहे, तो गोचिडीतून येतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो असतो. वाशीच्या डॉक्टरांना फोनवर ताप सांगितला तर त्यांच्या डोक्यात डेंग्यू, मलेरिया येणार. माकडताप कसा येईल?

चांगला डॉक्टर मोठ्या इमारतीतच असतो हा आपला शहरी समज आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना विंचूदंशाची मुलं डोळ्यांदेखत जायची. हे तिथेच रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले. त्यातून प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपाय त्यांनी पुढे आणला, आणि गंभीर विंचूदंशातले मृत्यू शंभरात तीस-चाळीसवरून जवळपास एकावर आले. हे काम कोकणातल्या खेड्यात झालं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. सगळेच बावस्कर नसतात, मला माहीत आहे. रिकामी पदं, बंद पडलेली मशीनं मीही बघितली आहेत. म्हणूनच स्वतः जाऊन बघा म्हणते.

आणि बघायला गणपतीत जाऊ नका! गणपतीत गाव भरलेलं असतं, डॉक्टर असतो, गाड्या असतात, दिवे असतात. आषाढात जा, आणि रात्री जा. १०८ ची गाडी तुमच्या दारापर्यंत येते का ते बघा. आमच्या पाणंदीत ती वळत नव्हती, शेवटी आम्ही गडग्याचे चार हात मागे घेतले. फोनवर पत्ता काय सांगायचा तेही ठरवून ठेवा, कारण तिथे सेक्टर आणि प्लॉट नंबर नसतो. आम्ही 'ब्राह्मणदेवाच्या पाठची वाडी' एवढं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कारण घाबरल्यावर तेही आठवत नाही. इन्शुलिन घेत असाल तर वीज गेल्यावर ते कशात ठेवणार? आम्ही पाण्याने ओलं ठेवलेलं मातीचं मडकं वापरतो. सीजीएचएसवाल्यांनी आणि कॅशलेस विमावाल्यांनी आपल्या यादीतलं सर्वांत जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे ते आजच मोजा.

ज्यांच्या घरात कुणाला डायलिसिस लागतं, त्यांना मी स्पष्टच सांगते: आठवड्यातून दोन-तीनदा जाता-येता येईल असं केंद्र आधी सापडू दे, मगच हला. नाहीतर सध्या इथेच राहा. त्यात कमीपणा काही नाही.

आम्ही परत का आलो नाही, असं बाई मघाशी विचारत होत्या. बाई, ह्यांनाच यायचं नाही. सकाळी अंगणात बसतात, सिस्टर येता-जाता बीपी बघून जातात, आणि तो शेजारचा मुलगा अजून मला "वैनी, त्या राती तुमी आयाकलात नाय" असं ऐकवतो. त्याला तो हक्क आहे.

मागच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. ज्यांचं गावी घर आहे किंवा होतंय, त्यांनी नाव, तालुका आणि जवळच्या खात्रीच्या डॉक्टरांचं नाव लिहा. डॉक्टर माहीत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, त्या तालुक्यातला आपला दुसरा कुणी असेल तर तो भरेल. आपल्या बॅचचे जे चार डॉक्टर आज इथे आहेत, त्यांनी आपापले नंबर पहिल्याच पानावर लिहायचं कबूल केलं आहे. जेवणाआधी लिहा, जेवल्यावर कुणी लिहीत नाही.