डबल बेल

(बार्शी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्कूलबसच्या चालकांचे शिक्षण हा विषय मी मे महिन्यात मुद्दाम मांडतो आहे, कारण या विषयाचा हंगाम हाच आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. त्याआधी या महिन्यात गाड्या पासिंगला जातात आणि नवे चालक कामावर घेतले जातात. लायसन्स बघतात, बॅज बघतात, पगार ठरतो आणि किल्ली हातात पडते. ती किल्ली देण्याआधी त्याला काय शिकवायचे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी एसटीत चालक होतो. शेवटची काही वर्षे नव्या चालकांना शिकवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर शाळांच्या गाड्यांवरच्या चालकांबरोबर बसू लागलो. एसटीने मला जे शिकवले त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे घंटी. कंडक्टरने एक घंटी दिली की थांबायचे, दोन दिल्या की निघायचे. पुढचा रस्ता ड्रायव्हरचा आणि दरवाजा कंडक्टरचा. डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलत नाही. आपल्या बार्शीला तर ही शिस्त फार जुनी. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडीसुद्धा गार्डने हिरवा झेंडा दाखवल्यावरच सुटायची. गाडी चालवणाऱ्याला स्वतःची गाडी पुरती दिसत नाही, हे जाणत्या लोकांनी फार पूर्वी मान्य केले होते. मात्र आपण मुलांना ज्या गाडीत बसवतो, तिथे अजून ते मनापासून मान्य केलेले नाही.

कायद्याने काय मागितले आहे, ते थोडक्यात सांगतो. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. त्यानंतर महिनाभरात सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले. शाळेच्या बसवरच्या चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. बेफाम वेगासाठी किंवा दारू पिऊन चालवल्याबद्दल ज्याच्यावर एकदाही कारवाई झाली असेल, त्याला ठेवायचे नाही. महाराष्ट्राने २०११ साली स्कूलबसचे स्वतंत्र नियम केले. वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा, गाडीत सहवर्ती, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती, हे सगळे त्यात आहे. नियम चांगले आहेत. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रवासी आणि मालवाहू गाड्यांचे शिक्षण किमान ३० दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान १५ तासांचे असावे, असे केंद्राचा १९८९ चा नियम सांगतो.

पण श्रोतेहो, पाच वर्षांचा अनुभव हा कशाचा अनुभव असतो? आपल्याकडे येणारा चालक पाच वर्षे ऊस, कांदा, सिमेंट वाहून आलेला असतो. त्याचा हात बसलेला असतो, घाट माहीत असतो, रात्रीची सवय असते. पाच वर्षांत तो गाडी चालती ठेवायला शिकला, कारण चालत्या गाडीलाच भाडे मिळते. शाळेच्या बसला मोठा धोका असतो तो गाडी उभी असताना, म्हणजे मूल चढताना, उतरताना आणि उतरून चार पावले जाताना. अमेरिकेने १९३९ मध्ये शाळेच्या बसचा पिवळा रंग ठरवला. तिथे चालकाला शिकवताना बसच्या चारही बाजूंची दहा फूट जागा धोक्याची जागा म्हणून शिकवतात. नव्या चालकाला शिकवायचे आहे ते थांबणे, आणि थांबल्यावर पुन्हा केव्हा हलायचे ते.

हे मला एका वस्तीवर कळले. बारा वर्षे ट्रक चालवलेला एक गुणी गडी पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारी बसून बस चालवत होता. एक लहान मुलगी उतरली, आईकडे निघाली. त्याने डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, गिअर टाकला. तेवढ्यात गाडीतल्या सहवर्ती मावशी ओरडल्या. त्या मुलीची पाण्याची बाटली घरंगळत पुढच्या चाकापाशी गेली होती आणि ती वाकून उचलत होती. गाडी वीतभरही हलली नव्हती. त्याने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि बराच वेळ चाकाजवळ बसून राहिला. त्याने काहीही चुकीचे केले नव्हते. दोन्ही आरसे त्याने पाहिले होते. त्याला दिसत नव्हते, आणि दिसत नाही हे त्याला कुणी दाखवले नव्हते. त्याच्या शेजारी बसलेल्या मीसुद्धा नाही.

तेव्हापासून मी पहिला धडा मैदानावर घेतो. चालकाला सीटवर बसवतो. पहिलीतल्या पोराच्या उंचीची, साडेतीन फुटांची काठी बंपरला लावून उभी धरतो आणि विचारतो, "काठी दिसते का?" "नाही." एक पाऊल मागे सरकतो. काठीचे टोक दिसायला लागते तिथे चुन्याची फक्की टाकतो. असेच दाराजवळ, मागच्या डाव्या चाकाजवळ, गाडीच्या पाठीमागे. गाडीभोवती रेघ पुरी झाली की त्याला खाली बोलावतो. आयुष्य गाडीवर काढलेली माणसे त्या रेघेकडे बघत गप्प उभी राहतात. त्यानंतर मला फार बोलावे लागत नाही. सहवर्तीने खाली उतरून रेघेच्या आत कुणी नाही हे बघायचे, मुले मोजायची, दार लावायचे आणि हाताने दोन थापा द्यायच्या. तोवर गाडी न्यूट्रलमध्ये आणि हॅण्डब्रेक ओढलेला. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला मावशींनी हात धरून पलीकडे न्यायचे.

दुसरा धडा आपल्या तालुक्याच्या जमिनीचा. वैराग, पांगरी, आगळगाव, कुठल्याही अंगाला जा, डांबर संपले की काळी माती. पावसात समोरून ट्रॉली आली, साइड द्यायला डावी चाके खाली घातली की गाडी तिरकी होते आणि भरलेली बस कलंडायला वेळ लागत नाही. मी शिकवतो, की आधी थांबा, समोरच्याला जाऊ द्या, डांबर सोडू नका. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर खोली अजमावत बसू नका, गाडी मागे घ्या. फाटक आले की उघडे असले तरी वेग तोडा, काच खाली करा, कान द्या. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरला बिनचौकीदाराच्या फाटकावर शाळेची गाडी रेल्वेखाली आली आणि १३ मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे तेव्हा समोर आले. आता ब्रॉडगेजवरची तसली फाटके उरलेली नाहीत, पण इअरफोन उरले आहेत. आषाढी जवळ आली की मराठवाड्यातल्या दिंड्या पंढरीला निघतात. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. रस्त्याच्या कडेने पहाटे चालणाऱ्या त्या वारकऱ्यांसाठीही गाडी हळू झाली पाहिजे, हे मी वेगळे सांगतो.

तिसरा धडा फेरी संपल्यावरचा आणि तो सर्वांत छोटा आहे. इंजिन बंद केल्यावर चालकाने शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये कतारमध्ये चार वर्षांची एक भारतीय मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपली, कुणाच्या लक्षात आले नाही, दार बंद झाले आणि उन्हात ती गेली. आपल्या बार्शीचे ऊन तुम्हाला मी काय सांगावे? शेवटच्या सीटपर्यंत जाऊन यायला अर्धे मिनिट लागते.

आता वेगाचे बोलतो. ताशी ४० ला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७ मीटर. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर तर चाळीसपेक्षा साठला सव्वादोन पट. आणि मिळते काय? दहा किलोमीटरला चाळीसने पंधरा मिनिटे, साठने दहा. पाच मिनिटे. चालक ही पाच मिनिटे कुणासाठी वाचवतो? स्वतःसाठी नव्हे. त्याला चौदा थांबे दिलेले असतात, पण वेळापत्रकात थांब्यांचा वेळ मोजलेला नसतो. मावशींनी उतरायचे, बघायचे, हात धरून न्यायचे, याला थांब्यामागे एक मिनिट धरले तरी चौदा मिनिटे होतात. आपण ती देत नाही, म्हणून तो रस्त्यावरून काढतो. मग "आमच्या दाराशीच थांबा" असा आग्रह धरणारे आपण, उशिरा तयार होणाऱ्या पोरासाठी हॉर्न वाजवायला लावणारे आपण, आणि शाळेच्या घंटेला दोन मिनिटे उशीर झाला की फोन करणारेही आपणच. शिकवलेले सगळे तिथे वाया जाते.

चालकाला झोपही हवी. रात्री लग्नाची ट्रिप आणि सकाळी सहाला शाळा, ही ओढाताण पगार अपुरा पडतो म्हणून होते. ११ एप्रिल २०२४ ला हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यात शाळेची बस उलटून सहा मुले गेली, चालक दारू प्यायलेला होता. गाडी सुटण्याआधी एका माणसाने रोज त्याच्यासमोर उभे राहून, "रात्री झोप झाली का?" एवढे विचारायला हवे. विचारणारा तपासणीस वाटू नये, घरचा वाटावा. मुले त्याला ड्रायव्हर काका म्हणतात, आपणही त्याला नावाने हाक मारावी.

म्हणून माझी मागणी सरकारकडे नाही, या मंडपात बसलेल्या पालकांकडे आहे. तुमच्या शाळेची परिवहन समिती जूनआधी बसवा. थांबे कमी करा, प्रत्येक थांब्याला एक मिनिट लिहून घ्या. आणि शाळा उघडण्याआधीच्या एका रविवारी बस मैदानावर मागवा. चालकाच्या सीटवर तुम्ही बसा, बंपरपुढे तुमच्या मुलाला उभे करा. मूल तुम्हाला दिसणार नाही. त्या क्षणी पोटात जे तुटेल, ते वर्षभर विसरू नका. मग सोमवारी सकाळी बस तुमच्या कोपऱ्यावर थांबलेली असताना, मावशी वाकून चाकांकडे बघत असताना घड्याळाकडे पाहू नका. मावशींची दुसरी थाप पडेपर्यंत तुम्हीही जागचे हलू नका.