मुलाचे गाणे केव्हा सुरू करावे?

(बुऱ्हाणपूर येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मूल पाच वर्षांचे झाले की अक्षरारंभ आणि आठव्या वर्षी मौंज, असा संकेत धर्मशास्त्राने घालून दिलेला आहे. पंचांग उघडले की दोहोंचे मुहूर्त सापडतात. गायनारंभाला मात्र सोळा संस्कारांत स्थान नाही. म्हणून हा निर्णय ज्या त्या घराने आपापल्या मतीने करायचा, आणि मतभेदाला सुरुवातही तेथूनच होते. आजीचे म्हणणे असे की पोर अजून दुधाच्या दातांचे आहे, खेळू द्या. वडिलांचे म्हणणे असे की शेजारच्या मुलाने पहिली परीक्षा दिलीसुद्धा, आपले मागे पडेल. आई दोघांच्या मध्ये. ज्या मुलीविषयी ही चर्चा चालते ती त्या वेळी बहुधा ओसरीवर बसून कोणते तरी पद अर्धेमुर्धे गुणगुणत असते, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

हा प्रश्न बुऱ्हाणपुरात अधिक तीव्रतेने भासावा यालाही कारण आहे. शिंद्यांच्या चाकरीत जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड यांच्यासारखे सारस्वत मुत्सद्दी व सेनानी उत्तरेत गेले, आणि तेव्हापासून पोटामागे सह्याद्री ओलांडून मध्य हिंदुस्थानात स्थिरावण्याची वाट रुळली. कुलदेवता गोमंतकात आणि संसार तापीच्या काठी, अशी अनेकांची स्थिती झाली. जत्रेला वर्षाकाठी एकदा जाणे होते. पण देवळाचा चौघडा, पालखीपुढची सनई, चतुर्थीच्या आरतीतील घुमट हे मुलाच्या कानावर रोज पडत नाही. गोमंतकातील घरात मुलाला गाणे केव्हा शिकवावे असा प्रश्न पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. आरतीला उभ्या राहिलेल्या चिमुकल्याच्या हाती प्रथम कांसाळे येत असे. तो ताल चुकला की शेजारचा काका नुसता डोळे वटारी. पुढे हात बसला की शामेळ, आणि मनगटात बळ आले की घुमट. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी आल्यापासून ते बकऱ्याच्या कातड्याने मढवितात, आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारसा-वाद्याचा मान दिला. सांगायचे ते इतकेच की तेथे शिकवणी अशी नव्हतीच, आणि शिक्षण मात्र होत होते.

बुऱ्हाणपूर संगीताला परके आहे असे मात्र कोणी समजू नये. फारुकी राजवटीत बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठलाने ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ सिद्ध केला. दक्षिण आणि उत्तर येथील रागपद्धतींचा मेळ पाहणारा तो पंडित पुढे उत्तरेकडे गेला, परंतु त्याच्या कीर्तीचा आरंभ याच प्रदेशातला.

आता मूळ प्रश्न. थोरांच्या चरित्रांतून वयाचा एखादा आकडा मिळतो का, हे पाहू गेल्यास प्रथम एक गोष्ट कबूल करावी लागते. महाजन घराण्यांत गायनाचा आदर होता, पण तो देवळाच्या सभामंडपापुरता. उत्सवाच्या खर्चाच्या यादीत गायनाची रक्कम बिनबोभाट लिहिली जाई. तेच गायन घरच्या मुलीने शिकावे असे कोणी सुचविले तर मात्र माजघरात शांतता पसरे. उलट देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घराण्यांतील मुलींना दुधाचे दात पडायच्या वयातच तालमीला बसावे लागे. एकीकडे शिकण्याची मुभा नाही, दुसरीकडे न शिकण्याची मुभा नाही. दोन्ही ठिकाणी वय ठरविले ते जन्माने; मुलाच्या कलाचा विचार कोठेच नव्हता. ज्या स्वरांनी गोमंतकाचे नाव देशभर गेले ते बहुतांशी त्या दुसऱ्या अंगणातले आहेत, ही जाणीव स्मरणिकेच्या पानांवर नोंदलेली बरी.

गोव्यातील ख्रिस्ती मुलांची कथा निराळी. चर्चला जोडलेल्या शाळांतून त्यांना धर्मपाठाबरोबर स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. शेकडो वर्षांच्या या शिरस्त्यामुळेच मुंबईच्या चित्रपटसंगीताला वादकांची एक सबंध फळी मिळाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाच्या शिक्षकाचे पुत्र. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल पुढे कोठे पोहोचले ते सर्वश्रुत आहे. एका चर्चच्या शाळेत शेतकऱ्याचा आणि भाटकाराचा मुलगा शेजारी बसून स्वर वाचीत असत. हिंदू घरांना असे काही सुचले नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

सूरश्री केसरबाई केरकर यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. १८९२ साली फोंडे महालातील केरी गावी त्यांचा जन्म. आठव्या वर्षी कुटुंब कोल्हापुरास गेले आणि तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तालीम सुरू झाली. ती अवघे आठ महिने टिकली. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावी येत, तेवढ्या मुक्कामांत जे पदरात पडेल ते. सोळाव्या वर्षी मुंबई. तेथे बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले. गुरू लाभावा आणि तो दूर जावा, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला. अखेर १९२१ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. त्या वयात गळा घोटून घेण्यास त्या पुन्हा पहिल्या पायरीवर बसल्या, आणि १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोवर शिकत राहिल्या. १९७७ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. त्याच्या थोडेच दिवस आधी अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अंतराळात निघाली होती, आणि त्यांवरील तबकडीत भारताच्या वतीने गेला तो याच गळ्यातला भैरवीचा स्वर.

तर केसरबाईंचे गाणे सुरू झाले केव्हा? आठव्या वर्षी असे म्हणावे तर ती तालीम आठ महिन्यांची. एकोणतिसाव्या वर्षी असे म्हणावे तर मधल्या वीस वर्षांची तहान हिशेबाबाहेर राहते. खतावणीत एकच तारीख लिहायची सवय असलेल्यांची येथे अडचण होते.

दुसरे उदाहरण या नगरीच्या अधिक जवळचे. मंगेशीस १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ यांची सासुरवाडी थाळनेरची. थाळनेर म्हणजे याच तापीच्या काठी, खाली खानदेशात. फारुकींची पहिली राजधानी तीच, बुऱ्हाणपूर नंतरचे. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदूरला झाला, आणि थाळनेरच्या आजीकडून लोकगीते व पावागडचे गरबे त्यांच्या कानी पडले. वडिलांच्या तालमीची कथा त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री घोकायला सांगून बाहेर गेले. शिष्य चुकत होता. बाहेर खेळणारी पाच वर्षांची लता आत आली आणि ते असे नाही, असे आहे, म्हणून गाऊन दाखवू लागली. परत आलेल्या पित्याने हे दारातून ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला उठवून तानपुऱ्यासमोर बसविले.

ही गोष्ट सांगताना लोक ‘पाचवे वर्ष’ एवढेच उचलतात. परंतु त्या पाच वर्षांत घरात अहोरात्र गाणे चालले होते, आणि दीनानाथांनी मुलीला त्या दिवसापर्यंत शिकविलेले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे. मुलीने आपण होऊन दार ढकलले, तेव्हा पित्याने ते उघडले. १९४२ च्या एप्रिलात दीनानाथ गेले, लता तेव्हा बारा वर्षांची. संसाराचा भार खांद्यावर येऊनही मुंबईत अमान अली खाँ भेंडीबाजारवाले आणि पुढे अमानत खाँ देवासवाले यांच्याकडे तिने शिक्षण चालू ठेवले.

याच कथेला कुमार गंधर्वांच्या बालपणाची जोड दिल्यास दुसरी बाजू दिसते. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना थोर गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात असे. कौतुक झाले, पदवी मिळाली, जलसे सुरू झाले. अशा मुलाला पुन्हा विद्यार्थी करणे सोपे नव्हे. पित्याने त्याला मुंबईस प्रा. बा. र. देवधरांच्या हवाली केले ते अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास, आणि ऐकून उचललेल्या गाण्याला बैठक मिळाली ती तेथे. देवधरांसारखे गुरू लाभले नसते तर ते कौतुक मिसरूड फुटेपर्यंतच पुरले असते, अशी शंका मनात येते. गावोगावी असे बालगवई होऊन गेले. त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. देवासला १९४८ पासून कुमारांचे वास्तव्य असल्यामुळे या प्रांतातील जुन्या मंडळींना त्यांचे पुढचे चरित्र सांगायला नकोच.

वयाचा आकडा या चरित्रांतून निघत नाही. निघते ते असे की कान आधी भरतो आणि गळा मागाहून वाहतो. येथील खूनी भंडाऱ्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आपल्या उताराने कुंडीकुंडीत येते. त्याला उपसावे लागत नाही. मुरण्याची जागाच कोरडी असेल, तर कितीही कुंड्या खणून उपयोग नाही. ज्या घरात कोणी गात नाही, कोणी ऐकत नाही, त्या घरातील मुलाला आठवड्यातून दोन दिवस शिकवणीला धाडणे ही अशी कोरडी खणती होय.

जपानचे व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकविण्याची पद्धत घालून दिली, तिचा हवाला आजकाल तरुण पालक देतात. परंतु त्या पद्धतीतील पहिली अट ते सांगत नाहीत. तेथे प्रथम आई वाजवायला शिकते. मूल नुसते पाहते, ऐकते, आणि एके दिवशी आईच्या हातातील वाद्य मागते. मग त्याच्या मापाचे चिमुकले व्हायोलिन त्याच्या हाती येते. मातृभाषा जशी येते तसे संगीत यावे, हे त्यांचे सूत्र. आईवडिलांनी दूरदर्शनसंचासमोर बसायचे आणि मुलाने आतल्या खोलीत रियाज करायचा, ही आपल्याकडची सोय त्या सूत्रात बसत नाही.

शरीराचाही विचार हवाच. सतारीची दांडी लांब आणि तारा बोटाला कापणाऱ्या. दहा वर्षांच्या आत ती सहसा झेपत नाही. तबल्याच्या डग्ग्यावर तळहात नीट टेकत नसेल तर मूल खांद्याने वाजवू लागते. गळ्याच्या बाबतीत सर्वांत मोठा घात होतो तो पट्टीचा. पुरुष साधारणतः काळी एक-दोनमध्ये गातो, स्त्री काळी चार-पाचमध्ये. लहान मूल, मुलगा असो की मुलगी, स्त्रीच्या पट्टीजवळचे. शिक्षक स्वतःच्या पट्टीत शिकवितात आणि मूल खर्जात घसरते, नाही तर वर ओरडते. शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. त्यांतील दात आवळून गाणे, मान वाकडी करणे, गळ्याच्या शिरा फुगविणे हे दोष बहुधा लहानपणीच्या अशा बळजबरीतून जडतात, आणि मग जन्मभर जात नाहीत. मुलाच्या पट्टीत तानपुरा लावून देणारा शिक्षक मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षे थांबावे लागले तरी चालेल. वाईट तालीम लवकर मिळण्यापेक्षा चांगली उशिरा मिळालेली बरी.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. त्या काळात अनेक घरांत गाणे कायमचे बंद पडते. मुलगा लाजतो, वडील म्हणतात गळा गेला. गळा गेलेला नसतो, घर बदलीत असतो. तेवढा काळ त्याला ताल, रागांची ओळख, पेटी यांत गुंतवावे, वरच्या सप्तकाचा हट्ट धरू नये.

परीक्षांविषयी थोडेच. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी संगीत घरोघर पोहोचविले, मुलींना राजरोस गाता येऊ लागले, हे उपकार मोठे आहेत. परंतु प्रारंभिकचे प्रमाणपत्र चौकटीत लागल्यावर तानपुऱ्यावर गवसणी चढलेली घरे याच मेळाव्यात पुष्कळ निघतील.

ओसरीवर गुणगुणणाऱ्या त्या पाच वर्षांच्या मुलीकडे आता वळू. आजीचे खरे आहे, ती लहान आहे. वडिलांचेही खरे आहे, काळ थांबत नाही. तूर्त शिकवणी नको. सायंकाळी दिवेलागणीनंतर घरातील कोणी तरी रोज एक पद, एक अभंग म्हणावा; बेसूर का होईना, सर्वांनी बसून म्हणावा, आणि आजीने आपली जुनी गाणी काढावीत. पुढच्या चतुर्थीला गावी नेऊन तिला आरतीत उभे करावे आणि कांसाळे तिच्या हाती द्यावे. मुलीच्या हाती कशाला, असे कोणी वडीलधारे म्हणाले तर या वेळी त्यांचे ऐकू नये. सहा महिने, वर्ष, दोन वर्षे जातील. ती चुकलेल्या काकाला थांबवून ‘तसे नाही, असे’ म्हणाली, की त्याच आठवड्यात शिक्षकाकडे जाऊन बोलणे करावे. आणि ती तसे कधीच म्हणाली नाही, तरी सायंकाळचे पद चालू ठेवावे.